अकाउंटिंगमध्ये पीएचडी पण विषय समाजाचा, असं करता येतं का? (प्रेम सिक्का वाचल्यापासून डोक्यात घोळतंय)

वाईची_मृणाल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

मी एमकॉम, सेट झालेली, सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पीएचडीला नाव घालायचंय. ज्या सरांकडे गाइड म्हणून विचारणा केली ते म्हणाले, अगं सोपा विषय घे, 'अमुक जिल्ह्यातील निवडक पतसंस्थांच्या आर्थिक कामगिरीचा अभ्यास', पाच वर्षांचे ताळेबंद घ्यायचे, रेशो काढायचे, शंभर लोकांना प्रश्नावली, 'काय-स्क्वेअर' नावाची संख्याशास्त्रातली टेस्ट, तीन वर्षांत डॉक्टर. सर वाईट नाहीत, त्यांना माझी काळजीच आहे. पण मला तो विषय घ्यावासा वाटत नाही, आणि का ते सांगते.

माझ्या आत्याची ठेव आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत होती (नाव लिहीत नाही). आत्या अंगणवाडीत होती, निवृत्त झाल्यावर जे काही मिळालं ते तिथेच ठेवलं. ऑफिसबाहेर निळा बोर्ड होता, त्यावर 'सतत ऑडिट वर्ग अ' असं ठळक लिहिलेलं. ठेव पावतीवरही तेच छापलेलं, संस्थेच्या नावाखाली. आत्याने मला तेव्हा मुद्दाम बोट ठेवून दाखवलं होतं, बघ, अ वर्ग आहे. संस्था अडकल्यावर कळलं की मोठी कर्जं संचालकांच्याच पाहुण्यारावळ्यांना गेलेली आणि थकीत झाली की जुनं फेडायला नवं कर्ज द्यायचं, म्हणजे कागदावर थकबाकी दिसतच नाही. आता सरांनी सांगितलेले रेशो मी त्याच ताळेबंदावर काढले तर उत्तम येतील! वर्ग अ मिळाला तो त्याच आकड्यांवर. मग मी पाच वर्षांच्या त्या आकड्यांचे भागाकार करून नेमकं काय शोधणार?

हे डोक्यात असतानाच ब्रिटनमधले अकाउंटिंगचे अभ्यासक प्रेम सिक्का यांचा २००९ चा पेपर वाचनात आला, २००८ च्या आर्थिक संकटात ऑडिटर गप्प का होते यावरचा. त्यात काय केलंय, तर बुडालेल्या किंवा सरकारला वाचवाव्या लागलेल्या बँकांची यादी, प्रत्येकीचा ऑडिटर कोण, सही कुठल्या तारखेची, शेरा काय, आणि फी किती घेतली. बेअर स्टर्न्सला डेलॉइटने २८ जानेवारी २००८ ला स्वच्छ शेरा दिला आणि मार्चच्या मध्यात ती बँक जेपी मॉर्गनला विकायची वेळ आली. लेमन ब्रदर्सला अर्न्स्ट अँड यंगने तसाच शेरा दिला, सप्टेंबरात दिवाळखोरी. एवढं साधं कोष्टक, पण मी ते वाचून कितीतरी वेळ नुसती बसून होते. मला हेच करायचंय, आपल्याकडच्या संस्थांबद्दल.

तर प्रश्न असे की, या माणसाचं करिअर नेमकं कसं झालं, असं लिहून विद्यापीठात टिकता येतं का? याला 'अकाउंटिंग' म्हणतात का, की समाजशास्त्रात जा म्हणतील? आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठात कॉमर्समधून असा विषय पास होतो का? घरच्यांचं म्हणणं आहे की आधी कायम नोकरी लाग मग काय ते संशोधन कर, ते पण पटतं. जाणकारांनी लिहा प्लीज.

लीड्सवाला

धागा आवडला, सविस्तर लिहितो कारण माझा अभ्यासाचा विषय याच्या शेजारचा आहे आणि सिक्कांना एकदोनदा प्रत्यक्ष ऐकलंय.

सिक्कांचा जन्म भारतातला, १९५१ चा. १९६६ साली ब्रिटनला आले म्हणजे ऐन पंधराव्या वर्षी. नोकरी करत करत १९७७ मध्ये सर्टिफाइड अकाउंटंट झाले, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एमएससी, मग शेफील्डमधून १९९१ ला पीएचडी. त्यानंतर, पीएचडी झाल्यावर, ओपन युनिव्हर्सिटीतून समाजशास्त्रांची बीए केली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. हिशेब येत होते, पण ते ज्या समाजात लिहिले जातात तो समजून घ्यायला हा माणूस पुन्हा पदवीला बसला. आधी पूर्व लंडनच्या पॉलिटेक्निकमध्ये (जे पुढे विद्यापीठ झालं) शिकवलं, १९९६ पासून बरीच वर्षं एसेक्स विद्यापीठात अकाउंटिंगचे प्राध्यापक होते. २०२० मध्ये लेबर पक्षाकडून हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले आणि तिथेही पेन्शन, टॅक्स, ऑडिट यावर सरकारला सतत प्रश्न विचारत असतात.

आता संशोधन. बीसीसीआय बँक आठवते का कुणाला? पाकिस्तानी बँकर आगा हसन आबेदींनी काढलेली, सत्तरच्या वर देशांत पसरलेली, ५ जुलै १९९१ ला बँक ऑफ इंग्लंडने बंद केली. ब्रिटनमधल्या आशियाई दुकानदारांचे, छोट्या धंदेवाल्यांचे पैसे त्यात होते, स्कॉटलंडच्या टोकाच्या बेटांवरच्या एका नगरपालिकेचेसुद्धा. बँक बंद करण्याआधी ऑडिटर प्राइस वॉटरहाउसने बँक ऑफ इंग्लंडला एक गुप्त अहवाल दिला होता, 'सँडस्टॉर्म' नावाचा. तो ब्रिटिश सरकारने लोकांना दाखवलाच नाही. त्याची बरीच काळी केलेली प्रत अमेरिकन सिनेटच्या चौकशीमुळे तिकडे बाहेर आली. म्हणजे ब्रिटिश ठेवीदारांचे पैसे कसे गेले ते वॉशिंग्टनला जाऊन वाचायचं! सिक्कांनी माहिती अधिकारात पूर्ण अहवाल मागितला, अर्थखात्याने नाकारला, ते अपिलात गेले, पाच वर्षांहून जास्त भांडले आणि २०११ मध्ये न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, झाकलेली नावं उघडी करायला लावली. बँक बुडून वीस वर्षं झाली होती तेव्हा. आपल्याकडे प्राध्यापक बढतीसाठीचे गुण मोजत असतात, त्या हिशेबात या पाच वर्षांची किंमत काय झाली असती याचा विचार करून बघा.

त्यांची पद्धत बघ मृणाल, तुझ्या कामाची आहे. मुलाखती फारशा नाहीत, आतले कुणी फितूर केलेत असंही नाही. कोर्टाचे निकाल, संसदेच्या समित्यांचे अहवाल, अमेरिकन सिनेटची कागदपत्रं, कंपन्यांचे स्वतःचे वार्षिक अहवाल, सगळं सार्वजनिक. फक्त कुणी एकत्र ठेवलेलं नसतं. तो २००९ चा पेपर तसाच आहे, प्रत्येक सुटा आकडा आधी छापून आलेला होता.

आणि पेपर लिहून थांबले नाहीत. ऑस्टिन मिचेल नावाचे ग्रिम्सबीचे लेबर खासदार होते, त्यांच्याबरोबर पुस्तिका काढल्या, साध्या इंग्रजीत, कुणालाही वाचता येतील अशा. जर्सी बेटावर दोन मोठ्या ऑडिट फर्मांनी स्वतःच्या भागीदारांची जबाबदारी मर्यादित करणारा कायदा स्वतःच पुढाकार घेऊन १९९६ मध्ये करवून घेतला, आणि त्याचा धाक दाखवून ब्रिटनमध्येही तशी सवलत पदरात पाडून घेतली, त्याची सगळी साखळी त्यांनी मांडली. करचुकवेगिरीविरुद्ध काम करणाऱ्या टॅक्स जस्टिस नेटवर्कशी ते सुरुवातीपासून जोडलेले. कॅरिलियन ही बांधकाम कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाली, सुमारे सात अब्ज पौंड देणी आणि हातात रोख २.९ कोटी पौंड, १९ वर्षं एकच ऑडिटर केपीएमजी, त्या चौकशीत संसदीय समितीला सल्ला द्यायला हेच होते.

तुझा दुसरा प्रश्न, याला अकाउंटिंग म्हणतात का. हो, निःसंशय. अँथनी हॉपवूड यांनी १९७६ मध्ये 'अकाउंटिंग, ऑर्गनायझेशन्स अँड सोसायटी' जर्नल सुरू केलं तेव्हापासून हा रीतसर प्रवाह आहे, आणि ते जर्नल आजही पहिल्या फळीतलं मानतात. १९९० मध्ये टोनी टिंकर आणि डेव्हिड कूपर यांनी 'क्रिटिकल पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन अकाउंटिंग' काढलं, ते आणखी धारदार. कॅनडातल्या आदिवासींना दिलेल्या अनुदानाचे हिशेब त्यांच्यावर नियंत्रण ठेवायला कसे वापरले यावर डीन न्यू यांचं काम आहे, मळ्यांच्या वह्यांमध्ये गुलामांची किंमत मांडून ठेवायचे त्या वह्यांवर संशोधन आहे, माणसाच्या नावापुढे वय, काम आणि रक्कम. हे सगळं अकाउंटिंग विभागांतून झालंय.

टिकता येतं का, तर सोपं नाही, खोटं कशाला सांगू. अमेरिकेत बहुतेक मोठ्या विभागांना शेअर किमतींची आकडेमोड हवी असते, अशा कामाला तिथे जागा कमी. ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात, कॅनडात आहे. तिथेही जर्नलच्या श्रेणी बघून बढत्या होतात. पण सिक्कांच्या मागे लोक होते हे विसरू नको, ह्यू विलमॉट, टोनी पक्स्टी, मिचेल, सगळे मिळून लिहायचे, एकट्याने भिंतीला धडका दिल्या नाहीत.

सीए_सदाशिव

मी प्रॅक्टिसमध्ये आहे, बँक ऑडिटही करतो, सहकारीही. दुसरी बाजू मांडतो, कृपया राग मानू नये.

ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा नाही, हे किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात १८९६ सालीच म्हटलंय आणि ते आर्टिकलशिपच्या (म्हणजे शिकाऊ सीए) पोरालाही पाठ असतं. आम्ही नमुना तपासतो. मार्च एंडनंतर ब्रँच ऑडिटला हाताशी मोजके दिवस, दोन आर्टिकल, आणि शेकडो कर्जखाती. मॅनेजरने खोटी कागदपत्रं नीट रचून दिली तर ती प्रत्येक वेळी पकडणं माणसाला शक्य नाही. बँक बुडाली की पहिला दगड ऑडिटरवर, पण संचालक, रेटिंग एजन्सी, रिझर्व्ह बँकेचे तपासणी अधिकारी यांचं काय? सिक्कांचं लेखन मी वाचलंय, अभ्यास जबरदस्त आहे यात वाद नाही, पण त्यात चार बड्या फर्मा आणि गल्लीतला प्रोप्रायटर सीए एकाच पंगतीत बसतात असं वाटत राहतं.

शिवाय आपल्याकडे बदल झालेत. २०१३ च्या कंपनी कायद्यात लिस्टेड आणि ठरावीक मोठ्या कंपन्यांना ऑडिट फर्म दहा वर्षांनी बदलावीच लागते, एक कोटी किंवा त्याहून मोठा फ्रॉड दिसला तर केंद्र सरकारला कळवणं बंधनकारक आहे, २०१८ पासून एनएफआरए ही ऑडिटर्सवर देखरेख ठेवणारी राष्ट्रीय संस्था आली, ती ऑडिटर्सना दंड करते, बंदी घालते. सत्यम घोटाळ्यानंतर हे सगळं आलं. तेव्हा 'काहीच होत नाही' असा सूर नसावा.

मृणालताई, तुमच्या आत्यांच्या बाबतीत जे झालं ते वाईटच. त्या ऑडिटरवर कारवाई व्हायला हवी.

लीड्सवाला

सदाशिवराव, राग कसला, मुद्दे रास्त आहेत. फक्त एक. 'राखणीचा कुत्रा' हे कोर्टाने म्हटलं खरं, पण त्या आधीच्या काळात फ्रॉड शोधणं हे ऑडिटचं मुख्य काम मानलं जायचं, जुन्या पाठ्यपुस्तकांत तसंच लिहिलेलं असे. पुढे ते हळूहळू मागे सारलं गेलं. लोकांना अजून वाटतं ऑडिटर फ्रॉड शोधतो आणि ऑडिटर म्हणतात आमचं ते काम नव्हे, याला 'अपेक्षांमधली दरी' म्हणतात, परीक्षेला येतं. नेहमीचं उत्तर असतं की लोकांना नीट समजावून सांगा म्हणजे दरी बुजेल. सिक्का आणि सहकाऱ्यांनी १९९८ च्या पेपरात उलटं म्हटलं, की ही दरी बुजणारच नाही, कारण ऑडिट म्हणजे काय हे ठरवायचा झगडा कायम चालू असतो आणि त्यात ठेवीदाराच्या, कामगाराच्या बाजूने बोलायला कुणी नसतं. आत्यांनी अ वर्ग वाचून पैसे ठेवले, त्यांचं वाचणं चुकलं असं तुम्ही म्हणाल का?

गल्लीतल्या सीएबद्दल तुमचं अगदी बरोबर. त्यावर आपल्याकडच्याच कुणीतरी लिहायला हवं, बाहेरचा माणूस लिहू शकणार नाही.

सीए_सदाशिव

नाही, आत्यांचं चुकलं असं नाही म्हणणार. आणि एक कबूल करतो, ज्याचं ऑडिट करायचं त्याच्याकडूनच फी घ्यायची हा पेच आम्हालाही जाचतो. फार ताणलं तर पुढच्या वर्षी दुसरा ऑडिटर येतो. सहकारी संस्थांत पूर्वी सहकार खात्याचे लेखापरीक्षक असायचे, सहकार कायद्याच्या २०१३ च्या दुरुस्तीपासून सर्वसाधारण सभा सरकारी नामतालिकेतला ऑडिटर नेमते. सभा म्हणजे व्यवहारात कोण ते सांगायला नको.

परळचा_पक्या

इतक्या उशिरा धागा दिसला. कुणी खाण कामगारांचा विषय काढला नाही म्हणून लिहितोय, कारण मला हे क्रिटिकल अकाउंटिंग का काय ते पहिल्यांदा तिथून कळलं, आणि आमच्या चाळीशी त्याचा सरळ संबंध आहे.

१ मार्च १९८४, यॉर्कशायरमधली कॉर्टनवुड नावाची कोळसा खाण तोट्यात आहे म्हणून बंद करणार असं जाहीर झालं, तिथून ब्रिटनचा तो वर्षभराचा प्रसिद्ध संप पेटला. सगळीकडे एकच ऐकू यायचं, खाणी तोट्यात आहेत, आकडे बघा. तर जानेवारी १९८५ मध्ये, संप चालू असताना, पाच अकाउंटिंगच्या प्राध्यापकांनी (बेरी, कॅप्स, कूपर, हॉपर आणि लो) चार्टर्ड अकाउंटंटांच्याच मासिकात लेख लिहिला की हे आकडेच बघू या. खाणी चालवणारं सरकारी कोल बोर्ड प्रत्येक खाणीचं एक नफातोटा पत्रक काढायचं. त्यात त्या खाणीच्या नावावर काय काय टाकलेलं, तर मुख्यालयाच्या खर्चाचा वाटा, पूर्वी कधीतरी काढलेल्या कोळशामुळे जमीन खचली त्याची भरपाई, आधीच लवकर निवृत्त केलेल्या कामगारांचा खर्च. आता खाण बंद केली म्हणून यातलं काय वाचणार? मुख्यालय राहणारच, खचलेली जमीन खचलेलीच, पेन्शन द्यायचीच. म्हणजे बंद केल्यावरही जो खर्च चालूच राहणार तो धरून खाण तोट्यात दाखवायची आणि तो तोटा दाखवून खाण बंद करायची. कॉस्टिंग शिकलेल्या कुणालाही हे कळतं, बीकॉमला 'टाळता येणारा खर्च' असतोच की. पण कळलेलं त्या वेळी लिहायचं, संप चालू असताना, यासाठी छाती लागते. टोनी लो हे शेफील्डचे, जिथून पुढे सिक्कांनी पीएचडी केली, आणि कॉर्टनवुड शेफील्डपासून हाकेच्या अंतरावर. विद्यापीठाच्या दारात जे घडत होतं त्यावर विद्यापीठातल्या मास्तरांनी आपलं शास्त्र लावलं. खाण शेवटी बंदच झाली, १९८५ मध्ये, ते पण सांगायला हवं.

आता इकडे या. १८ जानेवारी १९८२, दत्ता सामंतांचा संप, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार. आमच्या घरातले तिघे. लहानपणापासून हेच ऐकलं की गिरण्या आजारी होत्या, संपाने मारल्या, विषय संपला. मी पुढे बीकॉमला गेल्यावर 'आजारी' म्हणजे काय ते वाचलं. १९८५ च्या कायद्यात व्याख्या अशी, साचलेला तोटा कंपनीच्या नेट वर्थएवढा किंवा जास्त झाला की कंपनी आजारी. नेट वर्थ म्हणजे भागभांडवल अधिक मोकळी गंगाजळी, आणि मालमत्तेची किंमत नव्याने वाढवून धरली तरी ती वाढ त्यात मोजायची नाही. म्हणजे लालबाग, परळ, लोअर परळच्या जमिनी वहीत जुन्या खरेदीच्याच भावाने. जी गोष्ट विकून पुढे टॉवर उभे राहिले ती गोष्ट ताळेबंदात जवळजवळ नव्हतीच. नियमाप्रमाणे सगळं बरोबर, कुणी वही खोटी लिहिली असं मी म्हणत नाहीये. पण १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला, जमीन विकायला मोकळीक मिळाली, तेव्हा तीच जमीन एकदम दिसायला लागली. कामगार होता तोवर जमीन मोजली नाही, कामगार गेला आणि मोजली.

संपावर, लालबागवर, कवितांवर, नाटकांवर मराठीत कितीतरी लिहून झालंय, चांगलं लिहून झालंय. गिरण्यांच्या ताळेबंदांवर एका तरी कॉमर्सच्या माणसाने बसून काम करावं असं फार वाटतं. मृणाल, तू पतसंस्था सोडू नकोस, पण तुझ्यासारखे आणखी चार जण हवेत.

संगमनेरी

पक्याशेठ __/\__

वाचनखूण साठवली.

तासिका_ते_कायम

धागाकर्तीच्या तिसऱ्या प्रश्नावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी कॉमर्सचाच, गाइडशिप आहे, मराठवाड्यात.

विषय पास होतो का? होतो, पण शीर्षकाने घाबरवू नका. 'क्रिटिकल' वगैरे शब्द टाकून समितीपुढे गेलात तर पहिला प्रश्न येईल हायपोथेसिस काय, दुसरा सॅम्पल साइज काय, आणि तिथेच गाडी अडेल. 'सहकारी पतसंस्थांचे लेखापरीक्षण वर्गीकरण आणि ठेवीदारांचे संरक्षण' असा काहीतरी सरळ विषय मांडा, त्याला कुणी हरकत घेणार नाही कारण तो निखळ कॉमर्सचा विषय आहे. तुमचं कोष्टक त्यात चपखल बसतं. ज्या संस्था अडचणीत आल्या त्यांना आधीच्या पाच वर्षांत कुठला वर्ग होता, ऑडिटर किती वेळा बदलला, ऑडिटरने दाखवलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल संस्थेने दिला का, सहकार कायद्याच्या कलम ८३ ची चौकशी लागली ती अ वर्ग मिळाल्यानंतर किती महिन्यांनी. हे आकडेच आहेत हो, समितीला आकडे हवे असतात ते मिळतील, आणि तुम्हाला म्हणायचंय ते पण त्यातच येईल.

दुसरं, समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्रातला सहमार्गदर्शक मिळतोय का बघा. ठेवीदारांशी बोलायचं म्हणजे शंभर प्रश्नावल्यांवर टिकमार्क नव्हे. माझ्या एका विद्यार्थिनीने ऊसतोड मजुरांच्या उचलीच्या हिशेबावर काम केलं, मुकादमाची वही आणि मजुराच्या लक्षात असलेला हिशेब शेजारी शेजारी मांडला. बायको आणि नवरा मिळून 'एक कोयता' धरतात, म्हणजे वहीत बाईचं नावच नाही, काम मात्र दोघांचं. तिला हे कुठल्याही प्रश्नावलीत सापडलं नसतं, फडावर जाऊन वही बघितली तेव्हा दिसलं. सुरुवातीला मीच तिला साखर कारखान्याचे रेशो घे म्हणत होतो, तिनेच मला वळवलं, आज त्याचा आनंद आहे.

तिसरं, पैशाचं. घरचे म्हणतात ते पण समजून घ्या. तासिकांवर घर चालत नाही हे मी भोगलंय, कितीतरी वर्षं. बार्टी, सारथी, महाज्योती यांतल्या ज्या फेलोशिपला पात्र असाल तिचा अर्ज जाहिरात आल्याबरोबर भरा, नेटची जेआरएफ निघाली तर सोन्याहून पिवळं. फेलोशिप असली की गाइडही विषय बदलायचा फार आग्रह धरत नाहीत असा अनुभव आहे.

अवांतर: हे सगळं परदेशी खूळ आहे असं कुणी म्हटलं तर त्याला दादाभाई नौरोजींची आठवण द्या. एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, मग १८९२ मध्ये फिन्सबरीतून ब्रिटिश संसदेत. त्यांनी सरकारचेच आयात निर्यातीचे आकडे घेतले आणि विचारलं, भारतातून एवढा माल जातो, त्या बदल्यात येतो त्याहून कमी, मग फरक कुठे गेला? सरकारी वही सरकारच्याच पुढे धरली. आणि महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये शेतकऱ्याच्या घामाचा पैसा कुणाच्या पगार पेन्शनीत जातो तेच मांडलं होतं. मी पहिल्या वर्षाच्या पोरांना अकाउंटिंग शिकवताना पहिला तास यावरच घेतो, डेबिट क्रेडिट दुसऱ्या दिवशी.

वाईची_मृणाल

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. कोयत्याचं वाचून अंगावर काटा आला. घरी आईला पूर्ण धागा वाचून दाखवला, ती म्हणाली फेलोशिपचं आधी बघ.

सदाशिव सर, एक विचारायचं होतं. जुने ऑडिट रिपोर्ट मिळवायचे कसे? संस्थेत गेले तर तुम्ही सभासद नाही म्हणून परत पाठवलं, आणि माहिती अधिकार सहकारी संस्थांना लागू नाही असं सांगितलं.

सीए_सदाशिव

अर्धवट सांगितलंय तुम्हाला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या थलप्पलम बँकेच्या प्रकरणात म्हटलं की साधी सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण नाही, म्हणून संस्थेकडे थेट अर्ज चालत नाही. पण सहकारी संस्थांचे निबंधक हे सार्वजनिक प्राधिकरण आहेत, आणि कायद्याने जी माहिती त्यांच्याकडे असते किंवा त्यांना मागवता येते ती त्यांच्याकडून मागता येते, असंही त्याच निकालात आहे. ऑडिट रिपोर्टची प्रत निबंधकाकडे जातेच. तेव्हा अर्ज जिल्हा उपनिबंधकांच्या किंवा तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या कार्यालयाला करा, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे.

'सर्व माहिती द्या' असं लिहू नका. संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, कुठल्या वर्षांचा लेखापरीक्षण अहवाल, त्याबरोबर 'नमुना ओ मधील दोषदुरुस्ती अहवाल' असं नेमकं मागा. तो दुरुस्ती अहवाल सहसा कुणी मागत नाही, आणि ऑडिटरने आत काय लिहिलं होतं आणि संस्थेने काय उत्तर दिलं ते त्यातच कळतं. वर्ग अ दिला तरी आतल्या पानांवर बरेच शेरे असू शकतात, आम्ही लिहितो ते, वाचतं कोण! वैयक्तिक खातेदारांची नावं मागू नका, तेवढ्या कारणावरून सगळाच अर्ज फेटाळतील. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

आत्या ठेवीदार आहेत ना? मग एक अर्ज त्यांच्या नावानेही टाका, ठेव पावतीची झेरॉक्स जोडून. आणि अहवाल हातात आले की मला व्यनि (खासगी निरोप) करा, वाचायला बसू एकदा, शेड्यूलमध्ये कुठे काय लपतं ते दाखवतो.